मुक्कामी पाहुण्यांचा नाश्ता : नव्याने घर मांडणाऱ्यांसाठी

जेवायला बोलावलेला पाहुणा दोन-तीन तासांत परत जातो आणि तेवढ्या वेळापुरती घराची आवरलेली बाजू दाखवणे कोणालाही जमते. मुक्कामी पाहुण्याच्या बाबतीत ती सोय नसते. सकाळी साडेसहाला मुलांची शाळेची व्हॅन खाली येऊन उभी असते, गीझर एकाच वेळी दोघांना हवा असतो, डब्याची कणीक मळायची राहिलेली असते, आणि नेमक्या त्याच वेळी पाहुणाही जागा होऊन, चहा कधी मिळेल हे विचारावे की न विचारावे या विवंचनेत आतल्या खोलीत गादीवर बसून असतो. नोकरीनिमित्त किंवा लग्नानंतर ज्यांनी नुकतेच स्वतंत्र बिऱ्हाड केले आहे आणि ज्यांच्याकडे मामा-मामी, आत्या, मित्राचे आई-वडील किंवा व्याही प्रथमच मुक्कामाला येणार आहेत, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. शेवटचा भाग पाहुणा म्हणून जाणाऱ्यांसाठी आहे, कारण नाश्त्याची निम्मी अडचण पाहुण्याच्या संकोचातून निर्माण होते.

स्वयंपाक उत्तम येणे ही येथे दुय्यम बाब आहे. पोहे थोडे कमी-जास्त झाले तर कोणी मनावर घेत नाही. पण दहा वाजले तरी समोर बशी आली नाही, किंवा आलेला पदार्थ पथ्यामुळे खाता आला नाही, तर ते लक्षात राहते. म्हणून नाश्त्याचे काम आदल्या रात्री, जेवणे आटोपल्यावर आणि अंथरुणे घालण्याआधी सुरू करावे.

आदल्या रात्री काय विचारावे

"सकाळी काय खाल?" हा प्रश्न विचारू नये. त्याला "काहीही चालेल, उगाच त्रास घेऊ नका" हे एकच उत्तर ठरलेले असते आणि त्यातून यजमानाला काहीही कळत नाही. त्याऐवजी "मामा, सकाळी पोहे करू की उपमा?" असे दोन पर्याय पुढे ठेवावेत. दोहोंपैकी एक निवडताना माणसाला आपण मागणी करत आहोत असे वाटत नाही, आणि दोन्ही नको असतील तर त्याचे कारणही त्याच वेळी बाहेर येते. वेळेबाबतही असेच मोघम बोलणे टाळावे. "सावकाश उठा, काही घाई नाही" हे सौजन्याचे वाक्य ऐकून पाहुणा आणखी गोंधळतो, "आमच्याकडे साडेसहाला पहिला चहा होतो, मुले सातला जातात, मग साडेआठच्या सुमारास नाश्ता करू, तुम्हांला चालेल ना?" असे सांगितले म्हणजे त्याला आपला दिवस आखता येतो. पाहुण्यांना किती वाजता बाहेर पडायचे आहे आणि अंघोळ नाश्त्याआधी करतात की नंतर, हेही याच वेळी विचारून घ्यावे. अंघोळ आणि देवपूजा झाल्याशिवाय तोंडात घास न घालणारी ज्येष्ठ मंडळी अजून पुष्कळ घरांत आहेत, आणि अशा पाहुण्यासमोर आठ वाजता गरम उपमा ठेवून काही उपयोग होत नाही.

उपवासाची चौकशी भिंतीवरचे कॅलेंडर पाहून करावी. एकादशी महिन्यातून दोनदा आणि संकष्टी चतुर्थी एकदा येते. त्याखेरीज सोमवार, गुरुवार, शनिवार यांपैकी एखादा वार धरणारे लोक असतात, आणि वाराचा उपवास कॅलेंडरवर दिसत नसल्याने तो विचारल्याखेरीज कळत नाही. उपवास आहे एवढे कळून भागत नाही, त्या घरची रीतही विचारावी लागते. साबुदाण्याच्या खिचडीत जिरे आणि मिरची बहुतेकांना चालते, हळद आणि हिंग बहुतेकांना चालत नाही, आणि कोथिंबिरीबद्दल मात्र दोन घरांचे एकमत होईलच असे नाही. संकष्टीला काही जण सकाळी एकदा फराळ करतात, तर काही जण चंद्रोदयापर्यंत चहाखेरीज काही घेत नाहीत. त्यांना आग्रह करू नये आणि त्यांच्यासमोर तळणही काढू नये.

चातुर्मासात कांदा-लसूण आणि वांगे सोडणारी कुटुंबे आहेत. आषाढातल्या कांदेनवमीला कांद्याचे पदार्थ मनसोक्त खाऊन ती मंडळी पुढचे चार महिने त्याकडे पाहत नाहीत. जैन पाहुण्यांच्या बाबतीत कांदा, लसूण, बटाटा यांसह जमिनीखालचे काहीच चालत नाही असे धरून चालावे. सांगली-कोल्हापूरकडचे मराठी भाषक जैन असोत वा गुजराती-मारवाडी शेजारी असोत, त्यांच्यातील काहीजण नवकारशी पाळतात, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटे होईपर्यंत पाणीसुद्धा घेत नाहीत, आणि अशांना पहाटेचा चहा पुढे करणे म्हणजे त्यांना नकार द्यायला लावणे होय. रमजानमध्ये रोजा ठेवणारा मित्र मुक्कामी असेल तर त्याचा नाश्ता पहाट होण्यापूर्वी आटोपायचा असतो. त्याच्यासाठी रात्रीच डबा भरून, तो कोठे ठेवला आहे आणि गॅस किंवा मायक्रोवेव्ह कसा लावायचा, हे दाखवून ठेवावे.

आता औषधांविषयी, कारण हा विषय लोक सर्वांत कमी बोलतात. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा किंवा खाणे टाळायचे असते. अशी गोळी घेणाऱ्या मावशी "तुम्ही घ्या चहा, मी नंतर घेते" असे म्हणतात आणि यजमानाला वाटते की त्या संकोच करत आहेत. मधुमेहाची काही औषधे न्याहारीच्या थोडे आधी किंवा पहिल्या घासाबरोबर घेतली जातात, आणि जेवणापूर्वी इन्शुलिन टोचून घेणाऱ्या व्यक्तीला त्यानंतर ठरलेल्या वेळात खावेच लागते. उशीर झाला तर रक्तातील साखर एकदम उतरू शकते. त्यामुळे "काका, सकाळी गोळ्या असतात का? त्यांच्या वेळेप्रमाणे नाश्ता ठेवते" हे वाक्य कोणत्याही पक्वान्नापेक्षा अधिक उपयोगाचे आहे. शेंगदाण्याबद्दलही आवर्जून विचारावे. पोहे, खिचडी, चटणी, कोशिंबीर अशा सगळ्यांत दाणे किंवा दाण्याचे कूट घालण्याची आपल्याला इतकी सवय असते की एखाद्याला त्यांची ॲलर्जी असू शकेल हे डोक्यातच येत नाही. कवळी बसवलेल्या आजोबांना दाणे चालतात पण चावत नाहीत, तेव्हा त्यांचे पोहे दाणे घालण्याआधीच वेगळे काढावेत.

झोपण्यापूर्वी करून ठेवायची कामे

दूध जास्तीचे लागणार हे दूधवाल्याला आदल्या दिवशी सांगावे किंवा पिशवी आणून ठेवावी; चौघा पाहुण्यांच्या चहाला आणि लहान मुलांच्या पेल्यांना मिळून किमान एक लिटर अधिक धरावे. गॅसचा सिलिंडर हलवून पाहावा. तो पाहुणे असतानाच संपतो हा सार्वत्रिक अनुभव आहे आणि भरलेला दुसरा सिलिंडर घरात असणे हाच त्यावरचा उपाय आहे. रवा कोरडाच मंद आचेवर भाजून डब्यात भरावा, मिरच्या-कोथिंबीर निवडून ठेवावी, नारळ खवून फ्रिजमध्ये ठेवावा. कांदा मात्र सकाळीच चिरावा, कारण रात्री चिरलेल्या कांद्याचा वास फ्रिजमधल्या दुधाला लागतो आणि मग चहाचीही तीच गत होते.

साबुदाणा भिजवायचा असेल तर तो दोन-तीनदा धुऊन, दाण्यांच्या वर जेमतेम येईल इतकेच पाणी ठेवून, झाकून रात्रभर ठेवावा. जास्त पाणी राहिले की सकाळी खिचडीऐवजी लगदा होतो. दोन माणसांना एक वाटी साबुदाणा आणि अर्धी वाटी दाण्याचे कूट हे प्रमाण पुरते.

पाहुण्यांच्या खोलीत पाण्याचा तांब्या-भांडे झाकून ठेवावे, बाथरूमचे आणि गीझरचे बटण दाखवावे, गरम पाण्याचा नळ डावीकडचा की उजवीकडचा हे सांगावे, आणि सकाळी नळाला ठरावीक वेळच पाणी येत असेल तर तेही न लाजता सांगावे. अंघोळींचा क्रम ठरवणे ही नाश्त्याचीच तयारी आहे. १५ लिटरचा साधा गीझर एकाची अंघोळ झाली की थंडीच्या दिवसांत पुन्हा पुरेसा तापायला वीस मिनिटे तरी घेतो, म्हणजे चार माणसांच्या अंघोळी एकामागोमाग सहजच दीड-दोन तास चालतात. शाळा आणि ऑफिसवाल्यांनी आधी आटोपून घ्यावे, मग पाहुण्यांनी, आणि घरी थांबणाऱ्याने सर्वांत शेवटी.

पदार्थ निवडताना : कढई की तवा

नवख्या यजमानाने पदार्थ निवडताना चवीच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारावा, की हा पदार्थ एकदम सगळ्यांना वाढता येतो की एकेक करून. पोहे, उपमा, खिचडी, शिरा, शेवया हे कढईतले पदार्थ आहेत. ते एकदाच होतात आणि ते करणारी व्यक्तीही सर्वांबरोबर खायला बसू शकते. थालीपीठ, घावणे, आंबोळी, धिरडे, डोसा, पराठा हे तव्यावरचे पदार्थ एकेक उतरतात. पहिला पाहुणा खाऊन हात धुतो तेव्हा चौथ्याची पाळी आलेली नसते, आणि तव्यापुढे उभी असलेली गृहिणी शेवटचे गार थालीपीठ उभ्याउभ्या खाते. पाहुणे दोघेच असतील, सुट्टीचा दिवस असेल आणि स्वयंपाकघरातच टेबल असेल तर तवा अवश्य ठेवावा, कारण तव्यावरून थेट ताटलीत आलेल्या थालीपिठावर लोण्याचा गोळा विरघळताना पाहण्यात जे सुख आहे ते कढईतल्या पदार्थात नाही. चारपेक्षा अधिक माणसे किंवा कामाचा वार असेल तर कढईच बरी.

पोह्यांचे प्रमाण नवख्यांना हमखास चुकते. पाव किलो जाड पोह्यांत सर्वसाधारण खाणारी चार माणसे होतात. कांदा सढळ घातला किंवा बटाटा घातला तर थोडे उरतात, तरुण मुले असतील तर कमी पडतात. उपम्यासाठी एका वाटी रव्याला अडीच वाटी उकळते पाणी धरावे आणि आणखी अर्धी वाटी गरम पाणी बाजूला ठेवावे, कारण उपमा झाकून ठेवला की घट्ट होत जातो आणि पाहुण्याला अंघोळीला उशीर झाला तर ते पाणी शिंपडून पुन्हा वाफ आणता येते. साबुदाण्याच्या खिचडीला अशी दुरुस्ती नाही. ती गार झाली की चिवट होते, म्हणून खाणारा समोर बसल्यावरच ती कढईत टाकावी.

पाहुणा कोठून आला आहे याचा विचार करावा, पण त्याच्याच गावचा पदार्थ त्याला करून घालण्याचा अट्टाहास धरू नये. नागपूरच्या माणसाला पोह्यांवर चण्याची तर्री लागते, इंदूरच्या मराठी कुटुंबात पोह्यांबरोबर जिलबी आणि वर शेव आणि जिरावण हा कोरडा मसाला असतो, लातूर-सोलापूरकडे चुरमुऱ्यांचा सुशीला होतो, आणि गोव्यात सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की उंडे किंवा पोई हे तिथले पाव घेऊन पातळ भाजीबरोबर न्याहारी होते. यांपैकी एखादी गोष्ट बाजूला ठेवता आली तर ठेवावी. नागपूरकरासाठी रात्रीच्या चण्याच्या उसळीचा रस्सा गरम करून वाटीत देणे सोपे आहे. त्याच्यासाठी पहाटे उठून तर्रीचा मसाला वाटणे त्यालाही अवघड वाटेल. उलट आपल्या घरचा, आपल्या हाताला बसलेला पदार्थ दिला तर पाहुण्याला काहीतरी नवे खाल्ल्याचा आनंद मिळतो. कोकणातल्या माणसाने पुण्यातल्या पाहुण्याला घावणे आणि नारळाचा गोड रस द्यावा, खुशाल द्यावा.

नात्याप्रमाणे पदार्थाचा मान बदलतो ही गोष्ट कोणी लिहीत नाही, पण ती खरी आहे. रात्रीच्या पोळ्या उरल्या असतील तर सख्ख्या मावशीला किंवा कॉलेजच्या मित्राला सकाळी फोडणीची पोळी मनापासून आवडेल, कदाचित पोह्यांपेक्षा अधिक. तीच बशी पहिल्यांदा घरी आलेल्या व्याह्यांपुढे किंवा नव्या जावयापुढे ठेवली तर त्यांच्या घरी त्याची चर्चा होण्याचा संभव आहे. त्यात अन्नाचा दोष नाही, नात्याच्या नवेपणाचा आहे. पहिल्या मुक्कामाला ताजा पदार्थ आणि सोबत चमचाभर काही गोड, शिरा किंवा निदान घरचा लाडू, एवढे सांभाळले म्हणजे पुढच्या मुक्कामांना फोडणीच्या पोळीचा मार्ग मोकळा होतो.

बाहेरून आणण्यात कमीपणा मानू नये. रविवारी मिसळ आणायची असेल तर रस्सा, उसळ, फरसाण, कांदा-लिंबू आणि पाव वेगवेगळे बांधून घ्यावेत, रस्सा घरी पुन्हा उकळावा आणि तिखट न खाणाऱ्यासाठी दही ठेवावे. मात्र मिसळ ही एकटी पुरेशी समजू नये, कारण पित्त असणारा किंवा तिखट वर्ज्य असणारा एक तरी पाहुणा असतोच. त्याच्यासाठी थोडा उपमा किंवा इडली असावी.

सकाळचा क्रम

पहिला चहा हा नाश्त्याचा भाग समजू नये, तो त्याच्या निदान तासभर आधीचा स्वतंत्र टप्पा आहे. पाहुण्यांच्या खोलीतला दिवा लागला किंवा दार उघडल्याचा आवाज आला की दहा मिनिटांत चहा पोचावा. आपल्याकडे साखर आधणातच घालण्याची रीत असल्यामुळे, बिनसाखरेचा चहा हवा असणाऱ्याचा कप साखर पडण्याआधी वेगळा करण्याचे भान ठेवावे लागते. सोपा मार्ग म्हणजे पाहुणे असेपर्यंत सगळाच चहा बिनसाखरेचा करून साखरेचे भांडे आणि चमचा ट्रेमध्ये ठेवणे. आले, गवती चहा, वेलदोडा यांपैकी काय चालते हे पहिल्या दिवशी विचारले की पुरे. चहाबरोबर बिस्कीट, खारी किंवा टोस्ट ठेवावे, पण फरसाण आणि चिवड्याच्या बश्या मांडू नयेत, नाहीतर तासाभराने येणाऱ्या नाश्त्याची भूक मरते. वर्तमानपत्र पाहुण्याला आधी द्यावे. हा पहिला चहा घरातल्या पुरुषाने करावा अशी या लेखकाची स्पष्ट शिफारस आहे. त्याच वेळी घरातली बाई डब्याच्या पोळ्या लाटत असते आणि चहाला आधण ठेवणे ही काही विद्या नव्हे.

नाश्त्याची वेळ साधण्यासाठी पोह्यांचे उदाहरण घेऊ. शेवटचा पाहुणा अंघोळीला गेला की पोहे चाळणीत घेऊन नळाखाली धरावेत, हाताने हलकेच फिरवून पाणी पूर्ण निथळू द्यावे आणि मीठ, किंचित साखर लावून तसेच ठेवावेत. तो अंघोळ करून देवाला नमस्कार करेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे जातात आणि तेवढ्यात पोहे बोटांनी दाबले जातील इतके मऊ होतात. मग तेल तापवून आधी दाणे तळून बाजूला काढावेत, त्याच तेलात मोहरी, हिंग, मिरची, कढीपत्ता आणि कांदा घालून कांदा पारदर्शक झाला की हळद घालावी, पोहे घालून खालपासून वर हलवावे आणि झाकण ठेवून मंद आचेवर तीन-चार मिनिटे वाफ येऊ द्यावी. बटाटा घालायचा असेल तर तो इतका पातळ कापावा की कांद्याबरोबरच शिजेल. फोडणीचा आवाज ऐकून पाहुणे स्वतःहून बाहेर येतात, त्यांना हाक मारावी लागत नाही. वरून खोबरे-कोथिंबीर आणि बशीच्या कडेला लिंबाची फोड. दाणे शेवटी घालावेत म्हणजे कुरकुरीत राहतात आणि ज्यांना चावत नाहीत त्यांना वगळता येतात; ॲलर्जी असणारा पाहुणा असेल तर मात्र दाणे त्या तेलात तळूच नयेत.

मुलांची व्हॅन सातला येत असेल तर मुलांना पाहुण्यांच्या नाश्त्यासाठी थांबवू नये आणि पाहुण्यांना मुलांच्या वेळेला ओढू नये. घरातल्या सर्वांनी एकत्र बसून खाण्याचा हट्ट रविवारपुरता ठेवावा.

वाढणे आणि आग्रह

बशी प्रथम थोडी कमी भरावी. शिगोशीग भरलेली बशी पाहून कमी खाणारा माणूस धास्तावतो, आणि ताटात टाकू नये या संस्काराचे लोक पोट भरले तरी ती संपवतात. दुसऱ्यांदा वाढताना कढई किंवा भांडे टेबलावर आणून "अजून थोडे घ्या" असे म्हणावे. पहिल्या "नको"नंतर एकदा विचारणे ही आपली रीत आहे आणि पुष्कळ पाहुणे त्या दुसऱ्या विचारण्याचीच वाट पाहत असतात. तिसऱ्यांदा मात्र विचारू नये. पाहुण्याने बशीवर आडवा हात धरला तर त्या हाताला चुकवून चमचा रिता करण्याचा जुना खेळ मधुमेही आणि हृदयरोगी यांच्या काळात बंद झालेला बरा. "एवढ्याने काही होत नाही" हे वाक्य औषधे घेणाऱ्या माणसाला उद्देशून कधीही म्हणू नये.

यजमानाने शक्य तितके बरोबरच बसावे. सून किंवा गृहिणी आत उभी आणि पाहुणे बाहेर खात आहेत हे दृश्य पाहुण्यांनाही अलीकडे बोचते, आणि कढईतला पदार्थ निवडण्याचा खरा लाभ येथेच होतो.

मुक्काम दोन दिवसांपेक्षा लांबला तर रोज नवा पदार्थ करण्याची स्पर्धा स्वतःशी लावू नये. तिसऱ्या दिवसापासून घरात एरवी होते तेच करावे. चहा-पोळी होत असेल तर चहा-पोळी. पाहुण्यांना चहाचा डबा, साखर आणि कप कोठे आहेत हे दाखवले म्हणजे ते पहाटे उठून स्वतःचा चहा करतात, आणि एकदा पाहुण्याने स्वतःचा चहा करून घेतला की दोन्ही बाजूंचा अर्धा ताण जातो. परदेशात राहणाऱ्यांनी हे पहिल्याच रात्री दाखवावे. भारतातून अमेरिकेत आलेल्या आई-वडिलांना किंवा नातेवाइकांना पहिले काही दिवस पहाटे तीनला जाग येते आणि कडकडून भूक लागते. त्यांच्यासाठी ओट्यावर लाडू, खाकरा, केळी आणि विजेची किटली ठेवावी, आणि फोडणी करताना पंखा न लावल्यास धुराचा अलार्म वाजतो हे आधीच सांगावे, म्हणजे पहाटे सगळी इमारत जागी होणार नाही.

पाहुणा म्हणून जाताना

येण्याआधी दोन दिवस फोन करून पथ्य, उपवास आणि निघण्याची वेळ सांगून टाकावी. यजमानाला त्रास नको म्हणून मधुमेह लपवणारा पाहुणा अधिक त्रास देतो, कारण केलेला शिरा तसाच राहतो आणि मग घाईने दुसरे काही करावे लागते. दोन पर्याय पुढे आले तर त्यांतला एक निवडावा. "तुम्हांला सोपे पडेल ते" असे म्हणून चेंडू परत टोलवू नये. न्यायला काही हवे म्हणून मिठाईचा डबा नेण्यापेक्षा फळे न्यावीत, ती सकाळी नाश्त्याबरोबर कापता येतात.

यजमानाच्या घराला जाग येण्याआधी उठण्याची सवय असेल तर खोलीतच थांबावे, दिवे लावून स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज करू नये. उठल्यावर अंथरूण-पांघरूण घडी करून एका बाजूला ठेवावे. शाळा-ऑफिसच्या वेळेला बाथरूममध्ये अर्धा तास घालवू नये. मदत करायची असेल तर "काही मदत करू का?" असे मोघम विचारण्याऐवजी लसूण सोलायला घ्यावा, कांदा चिरून द्यावा किंवा लहान मुलाला खेळवावे, मात्र काही घरांत अंघोळ न करता ओट्याला हात लावलेला चालत नाही, तेव्हा ते आधी पाहून घ्यावे. आपला कप आणि बशी विसळून ठेवावी. खाताना "आमच्याकडे पोह्यांत मटार घालतात" अशा सुधारणा सुचवू नयेत. आवडले तर आवडले असे सांगावे आणि दुसऱ्यांदा घ्यायचे असेल तर पहिल्याच विचारण्याला हो म्हणावे.

नाश्ता न करता निघायचे असेल तर ते आदल्या रात्रीच सांगावे, सकाळी बूट घालताना सांगू नये. घरी कामाला येणाऱ्या मावशींना भांड्यांचे काम वाढलेले असते, त्यांच्या हातावर निघताना काहीतरी ठेवावे. लहान मुलांना खाऊचे पैसे देण्याची रीत जशी आपण पाळतो तशीच हीदेखील पाळावी.

पहाटेची एस.टी. किंवा गाडी असेल तर यजमानाने रात्रीच थर्मासमध्ये चहा भरण्याच्या फंदात पडू नये, तासन्‌तास बंद राहिलेल्या दुधाच्या चहाला वास येतो. आधणाचे पाणी, दूध आणि पावडर ओट्यावर मोजून ठेवले तर पाच मिनिटांत ताजा चहा होतो, आणि पाहुण्याने तो उभ्यानेच पण पूर्ण कप घ्यावा. बरोबर द्यायचे असेल तर ओले पोहे किंवा उपमा देऊ नये. दशम्या, कोरडी चटणी, धपाटे किंवा लाडू प्रवासात टिकतात. डबा परत मागायचा नसेल अशाच डब्यातून ते द्यावे, आणि हातावर दही द्यायचे असेल तर ते पाहुण्याने बॅग खांद्याला लावण्याआधी द्यावे. पाहुण्याने गाडीत बसल्यावर आणि घरी पोचल्यावर असे दोन निरोप पाठवावेत, मात्र पहिला पहाटे पाचला असेल तर तो फोनने न देता लिहून पाठवावा, कारण यजमान एव्हाना पुन्हा आडवा झालेला असतो.